अर्ध्या मिनिटाचं यंत्र

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. मधे दोन-तीन जणांनी "ब्लॉग बंद केलास का?" असं विचारलंसुद्धा. बंद वगैरे काही नाही, नेहमीचाच आळस! पण एक विषय डोक्यात केव्हाचा घोळतोय, तो आज एकदाचा उतरवून काढतो. विषय खेळाच्या यंत्रांचा आहे. ज्यांना त्यात काडीचाही रस नाही (आमच्या घरातले निम्मे लोक यात आले) त्यांनी मधला इतिहास गाळून थेट पिग्मी एजंटच्या गोष्टीवर उडी मारली तरी माझी हरकत नाही.

तर झालं असं की, २०२४च्या दिवाळीत ताईचा मुलगा अमेरिकेहून आला होता. त्याच्या सामानात स्टीम डेक नावाचं यंत्र होतं. डब्याच्या झाकणाएवढा पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि आत अख्खा कॉम्प्युटर. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर खेळायचे मोठमोठे खेळ पलंगावर लोळत खेळता येतात. माझ्या मुलाने त्याच वर्षी पहिल्या पगारातून असंच एक यंत्र घेतलं होतं, पण दुसर्‍या कंपनीचं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. कागदावर बघाल तर मुलाचं यंत्र सगळ्याच बाबतीत सरस. पडदा जास्त बारीक, चिप जास्त वेगवान. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दोघांची यावरून चांगलीच जुंपली आणि आकड्यांच्या लढाईत अमेरिका सपशेल हरली.

गंमत पुढेच आहे. भाऊबीजेपर्यंत दोघेही एकाच यंत्रासाठी नंबर लावून बसायला लागले होते, आणि ते यंत्र माझ्या मुलाचं नव्हतं. मी भाच्याला कारण विचारलं, तर म्हणाला, "मामा, फार काही नाही रे. हे बटण दाबलं की झोपतं, परत दाबलं की जिथे होतो तिथून सुरू. आजीने फराळाला हाक मारली की दाबायचं, चकली खाऊन आलं की परत दाबायचं." मुलाचं यंत्र झोपेतून उठताना कधी चालू खेळच विसरायचं, कधी बॅगेत आपोआप जागं होऊन बॅटरी संपवून बसायचं, तर कधी खेळायच्या आधी अपडेट मागायचं. मुलगा काही बोलला नाही. पहिल्या पगाराची वस्तू होती शेवटी.

त्या रात्री मला वीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य आठवलं. ते सांगतोच, पण आधी थोडं मागे जाऊ या.

या सगळ्या गोष्टीचा मूळपुरुष म्हणजे गुनपेई योकोई. हा माणूस १९६५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीत लागला. तेव्हा निन्टेन्डो पत्ते छापायची, आणि योकोईचं काम होतं पत्ते बनवणार्‍या यंत्रांची देखभाल. म्हणजे मेन्टेनन्सचा माणूस! फावल्या वेळात गंमत म्हणून त्याने लांबवर जाऊन वस्तू पकडणारा एक लाकडी पंजा केला होता. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला आणि १९६६मध्ये त्याचं खेळणं म्हणून विक्रीला आणलं. ते तुफान खपलं, आणि योकोई देखभालीतून खेळणी बनवायच्या कामात आला.

पुढे एकदा बुलेट ट्रेनमधून जाताना त्याला एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला दिसला, आणि त्यातून १९८०चा 'गेम अँड वॉच' सुचला, अशी गोष्ट सांगतात. कॅल्क्युलेटरवाल्या कंपन्यांच्या चढाओढीत त्याचे पडदे आणि चिपा कवडीमोलाच्या झाल्या होत्या. योकोईने त्याच उचलल्या. या विचाराला त्याने नावही दिलं होतं. त्या जपानी शब्दांचं इंग्रजीतून येणारं भाषांतर 'वाळलेलं' तंत्रज्ञान असं काहीसं होतं, पण मला वाटतं आपल्याकडे त्याला अचूक शब्द आहे - मुरलेलं. मुरलेल्या लोणच्यासारखं. ज्याचे सगळे गुणदोष कळून चुकलेत, जे स्वस्त झालंय, जे दगा देत नाही, असं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते कुणी लावलं नसेल अशा ठिकाणी लावायचं.

एप्रिल १९८९मध्ये जपानात गेम बॉय आला. पडदा हिरवट, त्यात चारच छटा, मागे दिवा नाही. अमेरिकेत किंमत ९० डॉलर. त्याच वर्षी अटारीने लिंक्स आणला, रंगीत आणि आतून उजळणार्‍या पडद्याचा. किंमत १८० डॉलर. १९९०मध्ये सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत. शेजारी ठेवले तर गेम बॉय म्हणजे लग्नात चुकून आलेला गरीब नातेवाईक! पण गेम बॉय चार पेन्सिल सेलवर पंधरा तासांच्या आसपास चालायचा. बाकीचे दोघे सहा सेल खायचे आणि चार-पाच तासांत आडवे व्हायचे. प्रतिस्पर्ध्याचं यंत्र रंगीत आहे हे कळल्यावर योकोईने सुटकेचा निःश्वास टाकला, असंही सांगतात. रंगीत म्हणजे बॅटरी खाणार, हे त्याला ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट टेट्रिसची. अमेरिकेत गेम बॉयबरोबर कुठला खेळ द्यायचा हा प्रश्न होता, आणि मारिओ घरचाच होता. पण हेन्क रॉजर्स या माणसाने निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या प्रमुखांना पटवलं की मारिओ फक्त मुलं घेतील, टेट्रिस सगळेच घेतील. मॉस्कोतल्या एका संशोधकाने लिहिलेला, ठोकळे रचायचा साधा खेळ. दोन मिनिटांत समजतो, पाच मिनिटांत संपतो. कार्यालयात जाणारे आणि घरातल्या बायकाही तो खेळायला लागल्या. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८७ लाख खपले. गेम गिअर एक कोटीच्या थोडा वर गेला आणि थांबला.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात गेम बॉय असलेलं घर विरळाच. पण 'नाइन थाउजंड इन वन' असं काहीतरी लिहिलेला ब्रिक गेम आठवतोय ना? जत्रेत आणि स्टेशनबाहेर मिळायचा तो. नऊ हजार खेळ म्हणायचे, निघायचे आठ-दहा, पण दोन सेलवर महिनोन्‌महिने चालायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे आम्ही सात भावंडं एकाच ब्रिक गेमवर होतो. ती योकोईच्या विचाराची चिनी नातवंडंच म्हणायची!

आता हातातल्या कॉम्प्युटरकडे येऊ. ही कल्पना काही नवी नाही. २००४मध्ये ओक्यूओ नावाचा खिशात मावेल असा कॉम्प्युटर आला. २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने 'ओरिगामी' नावाने गाजावाजा करून छोट्या कॉम्प्युटरांची एक जातच जाहीर केली, त्याच वर्षी सोनीचा वायो यूएक्सही आला. बहुतेक हजार डॉलरच्या आसपासचे किंवा पुढचे, सगळे बॅटरीला कच्चे. मुख्य म्हणजे ते कशासाठी घ्यायचे हेच कुणाला नीट सांगता येईना. २०१६मध्ये चीनच्या जीपीडी कंपनीने लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून 'विन' नावाचं खास खेळांसाठीचं हातातलं यंत्र काढलं. हौशी लोकांनी ते घेतलं, पण ते हौशींपुरतंच राहिलं. मग मार्च २०१७मध्ये निन्टेन्डोचा स्विच आला, ३०० डॉलरला. आतली चिप दोन वर्षं जुन्या घराण्यातली. योकोई १९९७मध्ये मोटार अपघातात गेला, पण त्याचं लोणचं कंपनीने जपलं होतं. स्विच पंधरा कोटींच्या वर खपला, आणि मोठी माणसंसुद्धा मोठे खेळ हातात धरून खेळायला तयार आहेत हे सिद्ध झालं.

स्टीम डेक काढणारी व्हॉल्व्ह ही खरं तर खेळ बनवणारी आणि 'स्टीम' या दुकानातून इतरांचे खेळ विकणारी कंपनी. तिचा प्रमुख गेब न्यूवेल स्वतः तेरा वर्षं मायक्रोसॉफ्टमध्ये होता. २०१२मध्ये विंडोज ८ आलं, त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान होतं. दुसर्‍याच्या जागेत दुकान थाटलेल्याला जागामालकाने शेजारीच गाळा उघडला तर जी धास्ती वाटेल, ती न्यूवेलला वाटली आणि त्याने ती उघडपणे बोलून दाखवली. त्यातून २०१५मध्ये 'स्टीम मशीन' आली. टीव्हीशेजारी ठेवायचे कॉम्प्युटर, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारे, वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेले. ती सपशेल पडली. कारण सरळ होतं. खेळ विंडोजसाठी लिहिलेले आणि यंत्र लिनक्सचं, मग खेळणार काय?

इथे बहुतेक कंपन्यांनी नाद सोडला असता. व्हॉल्व्हने सोडला नाही. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायचा 'वाइन' नावाचा मुक्त प्रकल्प १९९३पासून चालू होता. त्यात मधे एका हौशी प्रोग्रामरने, 'निअर ऑटोमाटा' हा एक खेळ आपल्याला लिनक्सवर खेळता यावा एवढ्याच हट्टापायी, विंडोजची चित्र काढायची भाषा लिनक्सला समजणार्‍या भाषेत बदलणारा दुभाषी लिहिला होता. व्हॉल्व्हने या लोकांना पाठबळ दिलं, सगळं एकत्र बांधलं आणि ऑगस्ट २०१८मध्ये 'प्रोटॉन' म्हणून आणलं. आता खेळ लिहिणार्‍याने लिनक्ससाठी वेगळं काहीही करायची गरज उरली नाही. स्टीम मशीन पडली त्याचं कारण शोधून सात वर्षं त्यावर काम केलं, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२२मध्ये स्टीम डेक लोकांच्या हातात पडला.

आता त्याचे आकडे बघा. पडदा १२८० बाय ८००. पुढच्या वर्षी असूसचा रॉग अ‍ॅलाय १९२० बाय १०८०चा पडदा घेऊन आला, लेनोव्होचा लीजन गो २५६० बाय १६००चा. गुणाकार करून पाहिला तर लीजन गोच्या पडद्यावर डेकच्या बरोब्बर चौपट ठिपके भरतात. चौपट ठिपके रंगवायचे तर चिपला तितकी ऊर्जा पाहिजे, आणि ती येणार बॅटरीतूनच. डेकची चिप व्हॉल्व्हने एएमडीकडून खास बनवून घेतली, ४ ते १५ वॅटमध्ये चालेल अशी. मुद्दाम कमी खाणारी. सात इंचांच्या पडद्यावर एवढे ठिपके डोळ्याला पुरतात, हे ओळखून तिथेच थांबायचं ठरवलं. हिरवट पडद्याच्या गेम बॉयचीच ही पणती!

दुसरं म्हणजे सगळे डेक आतून जवळजवळ एकसारखे. कॉम्प्युटरवर नवा खेळ अधूनमधून अडखळतो, कारण प्रत्येकाचं चित्र काढायचं कार्ड वेगळं आणि त्याच्यासाठीची तयारी खेळता खेळता चालू असते. डेक एकसारखे असल्यामुळे ही तयारी आधीच करून खेळाबरोबर पाठवता येते. शिवाय कुठला खेळ यावर नीट चालतो ते तपासून खेळावर हिरवी खूण. घेणार्‍याने डोकं खाजवायचं कारणच नाही.

तिसरं पैशाचं. सगळ्यात स्वस्त डेक ३९९ डॉलरला आला, अ‍ॅलायचं सुरुवातीचं मोठं मॉडेल ६९९ला. व्हॉल्व्हला हे परवडलं कारण तिचं दुकान आहे. विकल्या जाणार्‍या खेळातला साधारण तीस टक्के वाटा तिला मिळतो. असूस, लेनोव्हो, एमएसआय यांना जे कमवायचं ते यंत्र विकतानाच, त्यानंतर गिर्‍हाइकाशी व्यवहार संपला. त्यामुळे त्यांना दरवेळी नवी चिप, मोठा आकडा दाखवावा लागतो. हा त्यांचा मूर्खपणा नाही, त्यांचा धंदाच तसा आहे. आणि विंडोज ही त्यांची स्वतःची नव्हे. ती मूळची टेबल, माउस आणि कीबोर्डसाठी घडलेली. सात इंचांत तिला कोंबलं तर तिचाही नाइलाज होणार.

अर्थात डेकचं सगळंच छान आहे असं नाही. वजन ६६९ ग्रॅम, झोपून खेळताना नाकावर पडला तर आई आठवते (भाच्याचा अनुभव). चोख बंदोबस्त लागणारे काही ऑनलाइन खेळ त्यावर चालत नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे व्हॉल्व्हने तो फार थोड्या देशांत विकायला ठेवला. ऑस्ट्रेलियालासुद्धा नोव्हेंबर २०२४पर्यंत थांबावं लागलं. अ‍ॅलाय मात्र २०२३च्या जुलैमध्येच ७० हजाराच्या आसपास रीतसर भारतात मिळायला लागला होता. जे यंत्र दुकानात नाही ते कितीही चांगलं असलं तरी आपल्यापुरतं हरलेलंच. आणि स्विचच्या पंधरा कोटींपुढे ही सगळी यंत्रं मिळूनसुद्धा काही लाखांच्या हिशेबातच मोजावी लागतात, हेही खरं.

पण कोण जिंकलं हे प्रतिस्पर्ध्यांच्या वागण्यावरून कळतं. जानेवारी २०२५मध्ये लेनोव्होने आपल्या लीजन गो एसची एक आवृत्ती चक्क व्हॉल्व्हच्या प्रणालीवर जाहीर केली. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये असूस आणि मायक्रोसॉफ्टने मिळून एक्सबॉक्स अ‍ॅलाय आणला, त्यात सुरू करताना नेहमीचं विंडोजचं टेबल न मांडता थेट खेळांचा पडदा येतो. दोघांनीही चिपच्या आकड्यांपलीकडे बघायला सुरुवात केली.

आता पिग्मी एजंट. (उडी मारून इथे आलेल्यांचं स्वागत!)

२००४मध्ये मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही पतसंस्थांच्या पिग्मी एजंटसाठी हातातलं यंत्र बनवत होतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : पिग्मी म्हणजे रोजची बचत. एजंट रोज दुकानोदुकानी जातो, दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करतो, पावती देतो. पूर्वी हे वहीवर चालायचं. आमचं यंत्र म्हणजे आमचा अभिमान होता. रंगीत पडदा, टोचायची काडी, खातेदाराचा फोटोसुद्धा दिसायचा! बाजारात दुसर्‍या एका कंपनीचं यंत्र होतं, काळापांढरा इवलासा पडदा आणि आकड्यांची जाड बटणं. आम्ही त्याला 'कॅल्क्युलेटर' म्हणून हसायचो.

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत चाचणी ठरली. ज्या एजंटकडे आमचं यंत्र दिलं ते पन्नाशीचे होते, लुनावर फिरायचे. मी एक दिवस त्यांच्याबरोबर फिरलो. उन्हात आमचा रंगीत पडदा दिसेना, ते प्रत्येक दुकानापुढे टोपी काढून त्याच्यावर सावली धरायचे. दुपारी तीनच्या सुमाराला भाजी मंडईत बॅटरी संपली आणि शेवटच्या काही नोंदी गेल्या. त्यांनी खिशातून जुनी वही काढली आणि आठवून आठवून लिहिलं. दुसर्‍या दिवशी दोन दुकानदारांनी जास्त आकडा सांगितला. फरक २४० रुपये. तो त्यांनी पदरचा भरला, कारण गावात विश्वासावर धंदा चालतो.

निघताना ते मला म्हणाले, "साहेब, राग मानू नका. माझं काम दुकानापुढं अर्ध्या मिनिटाचं. तुमचं यंत्र जागं होईपर्यंत गिर्‍हाईक गल्ला बंद करून दुसर्‍या कामाला लागतंय."

पुण्यात येऊन मी अहवाल लिहिला. त्यात 'नोंदी गहाळ होण्याचं कारण : वापरणार्‍याची चूक, प्रशिक्षण वाढवावे' असं लिहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. चूक माझी होती. बॅटरी संपत आली की आधी नोंदी जपायच्या, एवढा साधा प्रोग्राम मी लिहिला नव्हता. वेळ होता, पण तो मी फोटो दाखवण्यात घालवला होता. पतसंस्थेने 'कॅल्क्युलेटर' घेतला. आमचं यंत्र वर्षभरात बंद पडलं आणि आम्ही म्हणालो, गावाकडच्या लोकांना नवं काही नकोच असतं.

व्हॉल्व्हच्या इतिहासात मला हेवा वाटतो तो इथे. त्यांचं यंत्र २०१५मध्ये पडलं तेव्हा 'गिर्‍हाइकाची चूक' असं लिहून त्यांनी फाइल बंद केली नाही. खेळणार्‍याने विंडोजचे खेळ मागितले, ते दिले. हाक आली की ठेवता यायला हवं, तर झोपायचं बटण नीट केलं. फेब्रुवारी २०२२मध्ये बाहेरच्या कवचाचे आराखडेसुद्धा लोकांना खुले करून टाकले, सुटे भाग बाजारात मिळायची सोय केली. योकोईनेही गाडीतल्या कंटाळलेल्या माणसाकडे आधी पाहिलं, चिपेकडे नंतर. हातातल्या यंत्राची स्पर्धा खरं तर दुसर्‍या यंत्राशी नसतेच. ती असते फराळाच्या हाकेशी, उन्हाशी, उघडून बंद होणार्‍या गल्ल्याशी. एजंटकाकांनी मला हे २००४मध्येच अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं. मला कळायला वीस वर्षं लागली.

दिवाळी संपल्यावर मुलाला ही सगळी गोष्ट सांगितली, अहवालासकट. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "बाबा, त्या काकांना ते २४० रुपये परत द्यायला हवे होतेस." खरं आहे. पैशाचं सोडा, निदान तो अहवाल तरी परत लिहायला हवा होता. तोच आज इथे लिहिलाय असं समजा.

असो. भाचा जाताना यंत्र इथेच ठेवून गेला, "वापरा तुम्ही, मी दुसरं घेईन" म्हणून. ताई, तू हे वाचत असशील तर त्याला सांग, आजी त्यावर ठोकळे रचायला शिकली आहे आणि आता माझा आणि मुलाचा नंबर काही लागत नाही. आणि मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर तो जुना ब्रिक गेम अजून असेल, तर सेल घालून बघा आणि चालतो का ते कळवा. माझी पैज आहे, चालेल.